चौथ्या वळणावरची पकड

झानासींच्या शेडमध्ये विजेवर चालणाऱ्या बारा मोटारसायकली सीटशिवाय उभ्या होत्या आणि त्यांच्या सीट भिंतीलगतच्या लांब बाकावर उलट्या मांडून ठेवल्या होत्या. शेडमध्ये पेट्रोलच्या गाड्या बनत होत्या त्या काळापासून, म्हणजे नोर्मा झानासींच्या वडिलांपासून, मोदेनातल्या या छोट्या कारखान्याची एक रीत होती. गाडी ज्याने रस्त्यावर पारखली त्याने सीटच्या खालच्या बाजूला पांढऱ्या रंगाच्या पेनाने सही करायची. गिऱ्हाइकाला ती सही सहसा कधी दिसत नसे, पण सहीवाचून गाडी दारातून बाहेर जात नसे. गेली अकरा वर्षे ती सही दिआन्ना बर्ताक्कीनीची होती. एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी, खांद्याचा पट्टा निघाल्यावर ती कामावर परतली, बारा सीटवरून एकदा नजर फिरवली आणि पेनाला हात न लावता नोर्मांच्या काचेच्या खोलीत गेली.

"आधी हे वाच," नोर्मा म्हणाल्या आणि दोन पाने पुढे सरकवली.

दिआन्नाने उभ्यानेच वाचले. मार्चमधल्या अपघाताचा अहवाल होता. शेवटचे वाक्य होते : चालकाने ब्रेक उशिरा दाबला. खाली तिच्या नावासमोर जागा मोकळी सोडली होती.

"हे फाउस्तोनं लिहिलंय?"

"आकड्यांनी लिहिलंय. मी फक्त टाइप केलं," खिडकीशी उभा असलेला फाउस्तो जिबेलिनी म्हणाला. गाडीच्या नियंत्रणाची सगळी प्रणाली त्याची होती. तो मनाने वाईट नव्हता. दिआन्ना इस्पितळात होती तेव्हा तो दोनदा संत्री घेऊन आला होता आणि दोन्ही वेळा काय बोलावे हे न सुचून स्वतःच ती सोलत बसला होता.

घडले होते ते इतकेच. मार्चमध्ये दिआन्ना शेवटच्या लांब चाचणीसाठी आबेतोनेच्या खिंडीपर्यंत चढून गेली होती. संध्याकाळी खालच्या सपाटीवर दाट धुके बसले, म्हणून ती खिंडीजवळ राहणाऱ्या आर्जिया मावशीकडे मुक्कामाला थांबली आणि गाडी मावशीच्या जुन्या गोठ्यात चार्जिंगला लावली. सकाळी ती उताराला लागली. या गाड्यांचा एक गुण असा की वेगाची मूठ सोडली की मोटर स्वतःच गाडीला मागे धरते, आणि त्या धरण्यातून निघालेली वीज बॅटरीत परत भरते. कारखान्यात याला सगळे नुसतेच पकड म्हणत. वेगवान गाडीवरच्या माणसाचे शरीर त्या पकडीवर किती विसंबून असते हे बाहेरच्याला कळत नाही. अंधारात जिना उतरताना पाय पुढची पायरी गृहीत धरतो, तसेच ते असते. पहिल्या तीन वळणांना पायरी जागेवर होती. चौथ्या वळणावर दिआन्नाने मूठ सोडली आणि पायरी नव्हती. तिची बोटे ब्रेकपर्यंत पोहोचली तोवर गाडी रस्ता ओलांडून कडेच्या बर्फाच्या ढिगात घुसली होती. तिचे खांद्याजवळचे हासळीचे हाड मोडले.

"नोंदीत स्पष्ट आहे," फाउस्तो म्हणाला. "मूठ शून्यावर, पकड शंभर टक्के, आणि ब्रेक दोन सेकंदांनी."

"पकड नव्हती."

"दिआन्ना, अपघातात माणसाला वेळ वेगळाच वाटतो. यात तुझा दोष नाही."

"वेळेचं सोड. आवाज सांगते. पकड लागली की दातेरी चाकं खालच्या सुरात गुणगुणतात. चौथ्या वळणावर ती गप्प झाली."

"आवाज नोंदीत नसतो."

"मग नोंद अपुरी आहे."

नोर्मांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अडुसष्टाव्या वर्षीही त्या रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शेडचे कुलूप काढत. "तीन मेला ट्रक येतोय. बारा माणसं दीड वर्ष थांबलीत. तू सही केली नाहीस तर मी काय करायचं ते सांग."

"दुसरा चालक आणा. तो करेल. सीटखाली त्याचं नाव राहू दे."

"मला धमकी देतेस?"

"नाही, सिन्योरा. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं." दिआन्नाने भिंतीवरच्या गिऱ्हाइकांच्या यादीकडे बोट केले. "सात नंबरची गाडी बघा. डॉक्टर आहे ती. आल्प्समध्ये अठराशे मीटरवरच्या गावात राहते. आपण सगळे खाली राहतो, सकाळी वर जातो, जेवतो, खाली येतो. ही बाई रोज सकाळी आधी खाली जाणार. तिच्या चौथ्या वळणाला बर्फाचा ढीग असेल की दरी, मला माहीत नाही. तिच्या सीटखाली मी नाव कसं लिहू?"

बाहेर कुणीतरी काहीतरी लोखंडी वस्तू फरशीवर टाकली. नोर्मा उठून त्या यादीपाशी गेल्या.

"वीस तारखेपर्यंत," त्या म्हणाल्या. "ती मोडकी गाडी दुरुस्त झालीच आहे, ती घेऊन जा. फाउस्तो बरोबर येईल. तुला जे दाखवायचंय ते त्याला दाखव. सापडलं नाही तर बाराही सीटवर सही, आणि या कागदावरही."

"करेन," दिआन्ना म्हणाली.

आता तिला थंडी हवी होती आणि थंडी संपत आली होती. खाली मोदेनात चेरीची झाडे फुलली होती, लोक कॉफी घेऊन बाहेरच्या टेबलांवर बसू लागले होते. दिआन्ना रोज संध्याकाळी मावशीला फोन करी.

"अंगणातल्या बादलीतलं पाणी गोठलं होतं का सकाळी?"

"नाही गोठलं. प्रियकराची चौकशी करावी तशी बर्फाची चौकशी करतेस. पन्नाशीला आलीस, एकदा तरी माणसाची कर."

"शेहेचाळीस, मावशी."

"बादलीला काय कळतंय त्यातलं."

सोळा तारखेला हवामानखात्याने सांगितले की डोंगरावर दोन रात्री पाणी गोठवणारी थंडी पडेल आणि त्यानंतर दक्षिणेचा वारा सुटेल. दोन रात्री म्हणजे दोन सकाळी. सतरा तारखेला दुपारी दिआन्ना आणि फाउस्तो गाडी व्हॅनमध्ये चढवून निघाले. वाटेत फाउस्तोने काय काय मोजणार ते समजावून सांगितले. गाडीतला कॉम्प्युटर सेकंदाला शंभर नोंदी घेतो, त्याहून जास्त काही लागणार नाही, असे त्याचे म्हणणे होते.

"मला चिमट्याचा मीटर हवा," दिआन्ना म्हणाली. "बॅटरीच्या जाड तारेला बाहेरून लावायचा. स्वतःची नोंद स्वतः ठेवणारा."

"कशाला? कॉम्प्युटर तेच सांगतो."

"ज्याच्यावर आरोप आहे त्यालाच साक्षीला बोलावू नकोस."

फाउस्तो हसला नाही, पण पाव्हुल्लोला थांबून त्याने एका ओळखीच्या वीजतंत्र्याकडून तसा मीटर मागून आणला.

आर्जिया मावशी एकोणऐंशी वर्षांची होती आणि हिवाळ्यात ज्या वस्तीत चार घरांतच धूर निघतो तिथे एकटी राहत होती. तिने चेस्टनटच्या पिठाची धिरडी लोखंडी तव्यांवर भाजून ताज्या रिकोत्ता चीजबरोबर वाढली आणि फाउस्तोला नीट न्याहाळले.

"तर भाचीपेक्षा डब्यावर जास्त विश्वास ठेवणारे साहेब ते तुम्हीच."

"डब्याला स्वार्थ नसतो, सिन्योरा," फाउस्तो नम्रपणे म्हणाला.

"अक्कलही नसते. अजून एक घ्या, वाळलायत किती."

जेवणानंतर फाउस्तोने गोठ्यात गाडी चार्जिंगला लावली, मीटर सीटमागच्या शेपटीखाली पट्टीने घट्ट बांधला आणि तारेजवळ पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले : हात लावू नये. मावशीने तो पुठ्ठा दोनदा वाचला. "माझ्याच गोठ्यात," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

सकाळी बादलीत बोटभर जाडीचा बर्फ होता. दिआन्नाने हेल्मेट चढवले. मूठ धरताना उजवा खांदा किंचित कुरकुरला. तिने तो दोनदा गोल फिरवला आणि ती निघाली. फाउस्तो आधीच व्हॅन घेऊन चौथ्या वळणावर जाऊन उभा होता. समोरून काही आले तर त्याने हात वर करायचा असे ठरले होते. पहिले वळण. मूठ सोडली, दातेरी चाके गुणगुणली, गाडी धरली गेली. दुसरे, तिसरे. चौथ्याच्या आधी तिने वेग अर्ध्यावर आणला, दोन बोटे ब्रेकवर ठेवली आणि मूठ सोडली.

गाडी धरली गेली, शहाण्या जनावरासारखी.

पाचव्या वळणावर, सहाव्या वळणावर, थेट खालच्या पुलापर्यंत पकड होती. दिआन्नाने पुलाजवळ गाडी थांबवली आणि हेल्मेट काढून ती ओढ्याकडे बघत राहिली. तिला प्रथमच स्वतःची शंका आली. गप्प झालेला तो आवाज तिच्या डोक्यात इतका स्पष्ट होता की त्यावर तिने सहा आठवडे काढले होते. आता तो खरोखर ऐकला होता की नंतर मनाने रचला होता हे तिला सांगता येईना. फाउस्तो व्हॅनमधून उतरून जवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचे काही नव्हते, आणि ते तिला जास्त लागले.

"सगळं तसंच होतं ना?" त्याने विचारले. "चार्ज शहाण्णव टक्के. रात्री उणे चार. तोच गोठा, तीच वळणं."

"तसंच होतं."

"मग?"

"मग काही नाही. उद्याची सकाळ आहे अजून."

"उद्या वेगळं काय होणार?"

दिआन्नाने व्हॅनचे मागचे दार उघडले. गाडी व्हॅनमध्ये चढवून दोघे वर आले. मावशीने दोघांची तोंडे बघितली, कॉफी ओतली आणि आदल्या दिवशीचा पाव कापायला घेतला. सुरी त्या पावात शिरताना आवाज करत होती.

"शिळा आहे, कॉफीत बुडवून खा," ती म्हणाली. "तुमच्या त्या पुठ्ठ्यामुळे आज ताजा भाजता आला नाही."

"पुठ्ठ्याचा पावाशी काय संबंध?" फाउस्तोने विचारले.

"काय संबंध म्हणजे? तीन किलोवॉटचं विजेचं मीटर आहे माझं. तुमची ती गाडी जोडलेली असताना ओव्हन लावला की फटकन उडतं, मग गारठ्यात बाहेर जाऊन खांबावरचा खटका वर करावा लागतो. गेल्या खेपेला ही झोपली होती. मी पहाटे तीनला उठले, गाडीची तार काढली आणि निवांत पाव भाजले. या वेळी लिहून ठेवलंत हात लावू नये, मग नाही लावला."

दिआन्नाने कप खाली ठेवला.

"मावशी, गेल्या खेपेला तू तार काढली होतीस?"

"मग सांगते काय. भरली होती की ती, हिरवा दिवा लागला होता. भरलेल्या माणसाला मी वाढत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस बादलीचं. रोज बादलीचं. तारेचं कुणी विचारलं?"

फाउस्तोने पावाचा तुकडा तसाच हातात धरला होता. तो हळूहळू, स्वतःशीच बोलावे तसा बोलू लागला. "तार जोडलेली असली की चार्जर बॅटरीला ऊब देत राहतो. म्हणजे काल रात्रभर ती उबदार होती. तार काढली तर तीन ते सात. चार तास. उणे चारमध्ये." तो थांबला. "पण थंडीची चाचणी आपण केली आहे. प्रयोगशाळेत, उणे दहापर्यंत."

"तेव्हा ती किती भरलेली होती?"

"निम्मी."

"आणि पूर्ण भरलेली कधी तपासली?"

"रोज. कारखान्यातून निघताना." तो पुन्हा थांबला. "कारखान्यात ती उबदार असते. आणि इथपर्यंत चढून गार होते तोवर निम्मी संपलेली असते."

भरलेली असताना ती थंड नसे, आणि थंड असताना भरलेली नसे. विजेच्या गाड्या सुरू झाल्यापासून आठ वर्षे सपाटीवर राहणारी माणसे सपाटीवरून सकाळी निघाली होती आणि सपाटीवर परत आली होती. डोंगरावर जागी होणारी गाडी त्यांच्यापैकी कुणाच्या मनातच आली नव्हती. दिआन्नाने हे त्या सोमवारी काचेच्या खोलीत जवळजवळ बोलून दाखवले होते, आणि आपण काय बोललो हे तिलाही तेव्हा पुरते कळले नव्हते.

"मावशी," ती म्हणाली, "उद्या पहाटे तीनला पाव भाज."

"पुठ्ठा?"

फाउस्तो उठला, गोठ्यात गेला आणि पुठ्ठा काढून घेऊन आला. मावशीने तो चुलीत घातला.

दुसऱ्या सकाळी सगळ्या घराला पावाचा वास होता. आकाश पश्चिमेकडे दुधाळ झाले होते. दक्षिणेचा वारा येत होता, पण अजून पोहोचला नव्हता. दिआन्नाने बादलीवर टाच आपटली. बर्फ फुटला नाही. गोठ्यातल्या गाडीच्या धातूला हात लावला तर तो बोटांना चिकटल्यासारखा वाटला.

"आज मी चौथ्याला अर्ध्याच वेगानं येणार," तिने फाउस्तोला सांगितले. "पकड नसेल तर ब्रेकवर थांबेन. तू रस्त्याच्या आतल्या बाजूला उभा राहा, कडेला नाही."

"तुला खात्री आहे? पडल्या जागीच परत..."

"मला भीती आहे. खात्रीसाठीच तर जाते आहे."

पहिल्या वळणाला चाके गुणगुणली. दुसऱ्याला सूर थोडा पातळ वाटला, पण तसे वाटणे तिने बाजूला सारले. नुसत्या वाटण्यावर आज विसंबायचे नव्हते. तिसऱ्याला पकड होती. मग झाडे मागे पडली, समोर फाउस्तोचे पिवळे जाकीट दिसले, त्याचे हात खाली होते, रस्ता मोकळा होता. तिने मूठ सोडली.

क्षणभर पकड आली. मग चाके गप्प झाली.

गाडी सैल झाली आणि उताराने पुढे घसरू लागली, तशीच, अगदी तशीच. दिआन्नाची बोटे ब्रेकवर होती. तिने ती आवळली. गाडी वळणाच्या आतल्या कडेला, फाउस्तोपासून चार हातांवर थांबली. तिने पाय टेकवला. मग मोटर बंद केली.

"ऐकलंस?" तिने विचारले.

"ऐकलं," फाउस्तो म्हणाला.

त्याने शेपटीखालची पट्टी सोडवून मीटर काढला, व्हॅनमधला कॉम्प्युटर मांडीवर घेतला आणि दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावल्या. गाडीची नोंद सांगत होती, पकड शंभर टक्के. चिमट्याचा मीटर सांगत होता, चौथ्या वळणावर तारेतून काहीही वाहिलेले नाही. फाउस्तोने दोन्ही रेषांवरून बोट फिरवले. खालून दुधाची गाडी आली, हॉर्न वाजवून गेली, तरी त्याने मान वर केली नाही.

"मी हुकूम नोंदवत होतो," तो शेवटी म्हणाला. "कॉम्प्युटर मोटरला सांगतो, धर. ते सांगणं नोंदीत जातं. मोटरनं धरलं की नाही, ते नाही जात. भरलेली गार बॅटरी पकडीची वीज तीन वळणं थोडी थोडी प्यायली, चौथ्याला तिनं तोंड मिटलं, आणि वीज जायला जागा नसली की मोटर धरत नाही. तिच्या रक्षणासाठी तसं मिटायची सोयही मीच केली आहे. पण ते इतकं अचानक मिटेल, आणि ते चालवणाऱ्याला कुणी सांगणार नाही..." त्याने कॉम्प्युटर बंद केला. "सहा आठवडे मी तुला माझाच हुकूम वाचून दाखवत होतो."

"आता पेन काढ," दिआन्ना म्हणाली.

त्याने तिथेच, व्हॅनच्या पायरीवर बसून जुन्या अहवालाच्या पाठीमागे नवा लिहायला घेतला. शेवटचे वाक्य लिहिताना तो अडला. मग त्याने लिहिले : चालकाने सांगितले ते खरे होते, नोंद चुकीच्या गोष्टीची होती. खाली पहिली सही त्याने स्वतःची केली.

नोर्मांनी तो कागद दोनदा वाचला आणि एकही प्रश्न न विचारता ट्रक पुढे ढकलायला ट्रकवाल्याला फोन लावला. मग त्यांनी बाराही गिऱ्हाइकांना एकेक करून स्वतः कळवले. चौघांनी आवाज चढवला, त्यांनी ऐकून घेतले. सात नंबरच्या डॉक्टरने फक्त विचारले की हे कुणी शोधून काढले, आणि नाव लिहून घेतले.

फाउस्तोला दुरुस्तीला पाच आठवडे लागले. आता बॅटरीने तोंड मिटायच्या आधी पकड हळूहळू कमी होत जाई, मुठीखाली बारीक थरथर जाणवे, आणि मोटर सोडून देई तेवढा भार मागचा ब्रेक आपणहून उचली. पण तोवर मे संपत आला होता आणि डोंगरावर तेवढी थंडी कुठून आणणार हा प्रश्न होता. तो नोर्मांनी सोडवला. लांगिरानोला त्यांच्या चुलतभावाचा हॅम सुकवण्याचा कारखाना होता. त्याच्या शीतगृहात, हजारो टांगलेल्या डुकराच्या मांड्यांच्या खाली, भरलेली गाडी एक रात्र उभी राहिली. पहाटे ती शीतपेटीच्या ट्रकमधून आबेतोनेला नेली. दिआन्ना खिंडीवरून पूर्ण वेगाने उतरली. चौथ्या वळणावर मुठीखाली थरथर आली, सूर हळूहळू विरत गेला, आणि तरीही गाडी धरलेली राहिली. ती पुलापर्यंत गेली, वळून वर आली, गाडी पुन्हा भरली, रात्रभर शीतपेटीत गार केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरली. असे तिने सहा वेळा केले. चौथ्या खेपेलाच फाउस्तो म्हणाला होता, आता पुरे.

"तुझ्या आकड्यांना पुरे असेल," ती म्हणाली.

अंगणात उभी केलेली गाडी मावशीने जवळून हुंगली. "हिला हॅमचा वास येतोय. असली गाडी विकणार लोकांना?"

"ही नाही विकायची, मावशी. ही माझ्याकडे राहणार."

सोमवारी सकाळी शेडमध्ये बारा सीट अजून बाकावर उलट्या होत्या. त्यांवर बसलेली धूळ कुणीतरी पुसून ठेवली होती. दिआन्नाने पांढरे पेन घेतले, हलवले, टोपण काढले. इतके दिवस पडून त्याचे टोक सुकले होते. तिने ते हाताच्या तळव्यावर दाबून दाबून ओले केले, तळव्यावर एक पांढरी रेघ उमटली, आणि मग ती बाकाच्या सुरुवातीकडे न जाता मधल्या, सात नंबरच्या सीटपाशी गेली.